फिर्याद अशी द्यावी, की देशभरच्या पोलीस नोंदींशी तिचा मेळ लागेल

कोकणात घडलेल्या गुन्ह्याचा माग अनेकदा कोकणात संपत नाही. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की कुलूपबंद घरांतून चोरलेला ऐवज घाट चढून जातो. बांदा ओलांडले की काही मिनिटांत गोव्याची हद्द लागते. हर्णैसमोर बोटीवरून पडलेल्या खलाशाचा देह काही दिवसांनी दुसऱ्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागू शकतो. मार्च २०१२ मध्ये दिवेआगरच्या मंदिरातून सुवर्णगणेशाची चोरी झाली आणि दोन पहारेकऱ्यांचे खून पडले, तेव्हा पकडली गेलेली टोळी जिल्ह्याबाहेरची निघाली आणि तोवर सोने वितळवले गेले होते. आपल्या हद्दीत कोण काय करतो हे बीट अंमलदाराला आणि गावच्या पोलीस पाटलाला पुष्कळ ठाऊक असते. पण बाहेरून येऊन निघून जाणाऱ्याचा ठावठिकाणा लागायचा असेल तर देशपातळीवरील नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.

या नोंदींविषयी लोकांच्या मनात एक समज घट्ट बसलेला आहे, तो असा की संगणकात सर्व काही असते आणि पोलिसांनी कळ दाबली की गुन्हेगार समोर येतो. प्रत्यक्षात संगणक त्यात जे भरले आहे तेवढेच जुळवून पाहतो, आणि भरण्याची सुरुवात ठाणे अंमलदारासमोर बसलेल्या फिर्यादीच्या बोलण्यापासून होते. म्हणून फिर्याद देताना काय सांगावे, काय सोबत न्यावे आणि नंतर काय तपासून घ्यावे, हे सामान्य माणसाला माहीत असणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

नोंद कुठून कुठे जाते

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभाग, ज्याला सर्वजण एनसीआरबी म्हणतात, १९८६ साली केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत स्थापन झाला. देशातील पोलीस ठाणी एकमेकांशी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या प्रकल्पाला २००९ मध्ये मंजुरी मिळाली आणि आज १६ हजारांहून अधिक ठाणी या जाळ्यात आहेत. आपली फिर्याद ठाण्यात टंकलिखित होते ती याच प्रणालीत. त्यानंतर त्याच गुन्ह्याच्या नोंदीला घटनास्थळाचा तपशील, अटक, जप्त मुद्देमाल, दोषारोपपत्र, न्यायालयाचा निकाल आणि अपील असे पुढचे नमुने, म्हणजे ठरावीक फॉर्म, जोडले जातात. प्रथम खबरीसह, म्हणजे एफआयआरसह, असे एकूण सात नमुने ठरलेले आहेत. न्यायालये, कारागृहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग कार्यालये यांची माहिती पोलिसांच्या माहितीशी जोडण्यासाठी आयसीजेएस ही वेगळी व्यवस्था आहे. तिच्यामुळे एखादा संशयित गुन्ह्याच्या दिवशी अन्य राज्यातील कारागृहात होता का, हे तपासी अंमलदाराला आपल्या जागेवरून पाहता येते.

बोटांच्या ठशांची नोंद स्वतंत्र आहे. नाफिस ही राष्ट्रीय ठसे प्रणाली ऑगस्ट २०२२ पासून अधिकृतपणे सुरू झाली असून अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीच्या ठशांना तीत दहा अंकी क्रमांक मिळतो. या क्रमांकाचे पहिले दोन अंक नोंद करणाऱ्या राज्याचे असतात. चोरीच्या मोबाइलसाठी दूरसंचार विभागाची सीईआयआर ही नोंदवही आहे, वाहनांसाठी परिवहन खात्याची वाहन ही नोंदवही आहे, आणि लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची यादी २०१८ पासून ठेवली जाते, जी फक्त तपास यंत्रणांनाच पाहता येते. या प्रत्येक ठिकाणी शोध घेण्याचे साधन वेगळे आहे: कुठे नाव आणि वर्णन, कुठे ठसा, कुठे वाहनाच्या सांगाड्यावर ठोकलेला चासिस क्रमांक, कुठे प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय. आपल्या गुन्ह्यात यांपैकी कोणते साधन हाती लागू शकते, हे ओळखूनच फिर्यादीची तयारी करावी.

घरफोडी झाल्यास

शेजाऱ्याचा फोन येतो, कडी तुटलेली दिसते, आणि गावात असलेले भाऊबंद सर्वप्रथम घरात शिरून कपाट लावू लागतात. असे करू नये. कपाटाचा दरवाजा, देवघरातील पितळी भांडी, खिडकीचे गज आणि काच, चोराने हाताळून टाकलेले स्टीलचे डबे, या गुळगुळीत पृष्ठभागांवर ठसे मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि एका हाताच्या पुसण्याने ते कायमचे जातात. दार बाहेरून ओढून घ्यावे, पडवीतच थांबावे आणि ठाण्याला किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. पाऊस असेल तर बाहेरच्या पावलांच्या खुणांवर एखादे घमेले उपडे घालून ठेवावे.

अंगुलिमुद्रा तज्ज्ञ येऊन ठसे उचलतात तेव्हा घरच्या माणसांचेही ठसे मागतात. यात पुष्कळांना अपमान वाटतो, परंतु घरच्यांचे ठसे वेगळे काढल्याशिवाय उरलेला ठसा परक्याचा आहे हे ठरवता येत नाही. उरलेला ठसा राज्याच्या आणि नंतर राष्ट्रीय प्रणालीत टाकला जातो. संगणक त्यावर एकच नाव देत नाही. जवळपास जुळणाऱ्या ठशांची क्रमवार यादी देतो, आणि त्यातून खरा जुळणारा कोणता हे तज्ज्ञ माणूस रेषांचे बारकावे पाहून ठरवतो. म्हणून अर्धवट, पुसट ठशावरून निकाल लागला नाही तर त्याचा दोष लगेच कोणाला देऊ नये. तो ठसा जपून ठेवलेला असेल, तर पुढे कधी ती व्यक्ती दुसऱ्या गुन्ह्यात अटक झाल्यावरही तो जुळू शकतो.

चोरीस गेलेल्या दागिन्यांची यादी सांगताना 'सोन्याचे दागिने, अंदाजे दहा तोळे' एवढे सांगणे पुरेसे नाही. ठुशी, बोरमाळ, पाटल्या, गोठ अशी नावे, प्रत्येकाचे वजन, सोनाराची पावती, लग्नातील एखादे छायाचित्र ज्यात दागिना स्पष्ट दिसतो, आणि डाग दिलेली कडी किंवा बदललेला फासा यांसारखी खूण लिहवून घ्यावी. एप्रिल २०२३ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. पावतीवर तो असल्यास अवश्य द्यावा. दुसऱ्या जिल्ह्यात जप्त झालेल्या मुद्देमालाच्या वर्णनाशी आपल्या यादीचा मेळ लागतो तो अशा बारकाव्यांवर.

घरमालक मुंबईत असला तरी फिर्याद थांबवू नये. गावातील नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने खबर द्यावी आणि मालकाने नंतर येऊन सविस्तर यादीसह पुरवणी जबाब द्यावा. घाईत विसरलेली प्रत्येक गोष्ट पुरवणी जबाबात सांगता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

फिर्यादीतील रिकामा राहणारा तक्ता

प्रथम खबरीच्या छापील नमुन्याच्या शेवटी संशयिताच्या वर्णनाचा एक तक्ता असतो. त्यात बांधा, उंची, वर्ण, दात, केस, डोळे, व्रण, तीळ, गोंदण, भाजल्याची खूण, कोड, पेहराव, सवयी आणि बोलीभाषा यांच्यासाठी जागा असते. हा तक्ता बहुतेक वेळा कोरा राहतो, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते, कारण वर्णनावरून शोध घ्यायचा झाल्यास संगणक याच रकान्यांत पाहणार असतो. मजकुरात कोठेतरी 'त्याच्या डाव्या हातावर गोंदलेले होते' असे वाक्य असले तरी रकाना रिकामा असेल तर नेमका शोध कठीण होतो.

म्हणून संशयिताला पाहिले किंवा ऐकले असेल तर रकान्यागणिक आठवून सांगावे. विशेषतः बोलीबाबत आपल्या किनाऱ्यावरील माणूस फार अचूक सांगू शकतो. बोलणारा मालवणी बोलत होता, संगमेश्वरी ढंगाने बोलत होता, आगरी होता, घाटावरचा वाटत होता, की हिंदी बोलतानाही कानडी हेल येत होता, हे आपल्या कानाला चटकन कळते. ते अंदाज म्हणून स्पष्टपणे सांगावे आणि रकान्यात भरण्याची विनंती करावी. गुन्ह्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. कौले काढून आत उतरले, मागील पडवीचे दार उचकटले, दागिने उजळून देतो म्हणून फसवले, पोलीस असल्याची बतावणी केली, या तपशिलांवरून एकाच टोळीचे निरनिराळ्या जिल्ह्यांतील गुन्हे जोडले जातात.

नावांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. महाराष्ट्रात नोंद मराठीत होते आणि शेजारच्या राज्यांत कानडी किंवा इंग्रजीत. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना नाव बदलते. त्यातच आपल्याकडे माणसाचे कागदावरचे नाव एक आणि गावातले नाव दुसरे. बाबल्या, दाजी, बाळा अशा हाकेच्या नावांनीच माणूस ओळखला जातो. संशयित ओळखीचा असेल तर त्याचे पूर्ण नाव, टोपणनाव, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि वाडी, असे सर्व द्यावे.

सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून घेणे किंवा वाचून दाखवायला सांगणे हा आपला हक्क आहे, आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर जवळच्या ठाण्यात देता येते. कोकण रेल्वेच्या प्रवासात बॅग चोरीस गेली तर ती नेमकी कोणत्या जिल्ह्यात गेली, या वादात फिर्यादीने अडकून पडण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर पाठवता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. ठाण्याने नोंद नाकारली तर तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी, आणि तरीही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मोबाइल, वाहन आणि बोटीचे इंजिन

मोबाइल चोरीला गेला असेल तर 'गहाळ झाला' असा दाखला घेऊन समाधान मानू नये. गहाळ वस्तूच्या नोंदीवर गुन्ह्याचा तपास होत नाही. चोरी झाली असेल तर चोरीचाच गुन्हा नोंदवण्याचा आग्रह शांतपणे पण ठामपणे धरावा. फिर्यादीत आयएमईआय क्रमांक असलाच पाहिजे. तो खोक्यावर आणि बिलावर असतो, आणि फोन हातात असताना तारांकित-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की पडद्यावर येतो. आजच तो घरातील वहीत लिहून ठेवावा. फिर्यादीची प्रत आणि त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळाल्यावर संचार साथी संकेतस्थळावरील सीईआयआरमध्ये फोन बंद करण्याची विनंती नोंदवावी. त्यानंतर देशात कोठेही त्या फोनमध्ये सिम घातले गेले तर त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. फोन सापडल्यावर तो पुन्हा सुरू करण्याची विनंतीही तेथेच करावी लागते.

जुनी मोटारसायकल किंवा पिकअप विकत घेणाऱ्यांनी, आणि सिंधुदुर्गात गोव्याच्या क्रमांकाची वाहने घेणाऱ्यांनी विशेषतः, पैसे देण्यापूर्वी एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस संकेतस्थळावर ते वाहन चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहावे. शोध नोंदणी क्रमांकावर न थांबवता चासिस आणि इंजिन क्रमांकावरही घ्यावा, कारण पाटी बदलणे सोपे असते. चासिस क्रमांक कागदपत्रांवरून उतरवून न घेता वाहनावरूनच वाचावा आणि तो खोडून पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर व्यवहार सोडून द्यावा.

मच्छीमारांसाठी हेच तत्त्व आहे. बोटीचा आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा अनुक्रमांक आणि मासे शोधणाऱ्या यंत्राचा अनुक्रमांक यांचे छायाचित्र काढून ते किनाऱ्यावर, घरी ठेवावे. बोटीवरच्या पेटीत ठेवलेली कागदपत्रे बोटीबरोबरच जातात.

ऑनलाइन फसवणुकीत मात्र ठाण्यात जाण्याआधी १९३० क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी थांबवणे हीच तेथे खरी मदत असते.

माणूस हरवल्यास, आणि समुद्राने दिलेल्या देहाबाबत

माणूस बेपत्ता झाल्यावर चोवीस तास थांबावे लागते, असा कोणताही कायदा नाही. लगेच जावे. मूल अठरा वर्षांखालील असेल तर ते पळवून नेले आहे असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

किनाऱ्यावर सापडणाऱ्या अनोळखी मृतदेहांचा प्रश्न मला इतर कोणत्याही विषयापेक्षा अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. एका जिल्ह्यात माणूस मिसिंग रजिस्टरला असतो, दुसऱ्या जिल्ह्यात अकस्मात मृत्यूची नोंद होऊन देहावर अंत्यसंस्कार होतात, आणि घरचे लोक वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांची माहिती आता एकाच जाळ्यात असल्यामुळे दोन्ही जुळण्याची शक्यता वाढली आहे. पण समुद्रात राहिलेल्या देहाचा चेहरा ओळखण्याजोगा राहत नाही, त्यामुळे छायाचित्रावर भिस्त ठेवता येत नाही.

लोक विचारतात, आधारवरून ठसा का जुळवत नाहीत? आधार कायद्यानुसार बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद ही आधार काढणे व ओळख पटवणे यांखेरीज अन्य कारणासाठी देता येत नाही. गोव्यातील एका गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठी अशी माहिती मागितली गेली होती, तेव्हाही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय देण्यास मनाई केली. नाफिसमध्ये प्रामुख्याने अटक झालेल्यांचे ठसे असल्याने, ज्या खलाशाला आयुष्यात कधी अटक झाली नाही त्याचा ठसा तेथे सापडणार नाही. देशपातळीवरील डीएनए नोंदवही आपल्याकडे नाही. त्यासाठीचे विधेयक २०२३ मध्ये सरकारने मागे घेतले.

उरते ते वर्णन. म्हणून मिसिंग नोंदवताना जुने अस्थिभंग व त्यात बसवलेली सळई, शस्त्रक्रियेचा व्रण, पडलेला किंवा चांदी भरलेला दात, गोंदण आणि ते कोणत्या हातावर आहे, करगोटा, बोटातील अंगठी, गळ्यातील ताईत, अंगावरील कपड्यांचे रंग, शिंप्याची चिठ्ठी असल्यास तिच्यावरील नाव, हे सर्व घरातील स्त्रियांना विचारून सांगावे. त्यांना ते पुरुषांपेक्षा जास्त नेमके ठाऊक असते. शेजारच्या जिल्ह्यात देह सापडल्याचे कळले आणि वर्णन थोडे जरी जुळत असले, तर आई, वडील किंवा मुलाचा डीएनए नमुना घेऊन तुलना करावी, असा लेखी अर्ज तपासी अंमलदाराकडे द्यावा. अनोळखी देहाचे नमुने जपलेले असतील तर अंत्यसंस्कार झाल्यानंतरही ही तुलना होऊ शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेहांच्या याद्या पाहता येतात. त्या पाहताना स्वतःच्या जिल्ह्यापुरते न थांबता पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे सर्व किनारी जिल्हे आणि गोव्याची नोंदही पाहावी.

बोटमालकांना एक कळकळीची विनंती आहे. बोटींवर नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातून आलेले खलाशी असतात, आणि आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार. त्यांची ओळखपत्राची प्रत, छायाचित्र आणि मूळ गावातील नातेवाइकाचा फोन ठाण्यात देण्याकडे केवळ संशयाची कारवाई म्हणून पाहू नये. त्या माणसाचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या घरी निरोप पोहोचण्याचा तोच एक मार्ग असतो.

नोंद जुळली म्हणजे काय, आणि चुकीची असल्यास काय करावे

संगणकावर नाव जुळणे हा पुरावा नाही. तपासाची दिशा आहे. एकाच नावाचे, एकाच तालुक्यातले दोन मोरे किंवा दोन तांडेल असू शकतात, म्हणून जुळलेल्या नावाची खातरजमा ठसे, जन्मतारीख आणि छायाचित्रावरून व्हावी लागते. तसेच गुन्हा दाखल असणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. कोणाचाही पूर्वेतिहास ओळखीच्या पोलिसाकडून 'जरा बघून' घेण्याचा प्रयत्न करू नये. ही माहिती अधिकृत कामासाठीच पाहायची असते. नोकरीस ठेवायच्या माणसाने स्वतः चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे.

गुन्हा नोंदल्यानंतर प्रथम खबर साधारणपणे चोवीस तासांत, आणि दुर्गम भागात जास्तीत जास्त बहात्तर तासांत, संकेतस्थळावर ठेवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नाही तर गुन्हा रजिस्टर क्रमांक घालून लेखी विचारणा करावी.

आपल्या किनाऱ्यावरील अनेक तरुण जहाजावर नोकरीला जातात, आणि जुन्या भांडणातल्या गुन्ह्यातून निर्दोष सुटूनही पडताळणीच्या वेळी तो गुन्हा प्रलंबित दिसल्याने त्यांची बोलावणी हुकतात. निकालाची माहिती नोंदीत चढली नसेल तर असे घडते. निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रमाणित नक्कल ताबडतोब घ्यावी, ती अर्जासह मूळ ठाण्यात देऊन पोच घ्यावी आणि एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात द्यावी. अटकेच्या वेळी ठसे घेतले गेले असतील, तर २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यानुसार ती माहिती ७५ वर्षे ठेवता येते. मात्र पूर्वी कधीही दोषी न ठरलेली व्यक्ती सर्व अपिले संपून निर्दोष सुटली, तर न्यायालयाने अथवा दंडाधिकाऱ्याने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करावी लागते. त्यासाठीची विनंती राज्य शासनाने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते. अर्जात गुन्हा रजिस्टर क्रमांक, खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख आणि अपिलाची मुदत संपल्याचा उल्लेख करावा, आणि पडताळणीचा नवा अर्ज भरण्यापूर्वी नोंद बदलली आहे का, हे ठाण्यात जाऊन विचारून घ्यावे.